चाकांवरचं घर : बरुआसागरच्या थंडीत बॅटरी किती पुरणार?

नाताळच्या सुट्टीत कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची आणि मुलाबाळांसह झाशीकडे निघायचं, असा बेत करत असाल तर आधी थोडा हिशेब करूया. झाशीचा किल्ला, ओरछा आणि मग खजुराहोच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवरचं बरुआसागर. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरातून निघाले ते वेढ्यातली झाशी पाहूनच परतले. बरुआसागरचा तलाव ओरछाच्या राजा उदितसिंहांनी बांधला. राणी लक्ष्मीबाई उन्हाळ्यात तिथल्या किल्ल्यात मुक्कामाला असायच्या, असं सांगतात.

राणीसाहेब उन्हाळ्यात जायच्या, आपण मात्र ऐन थंडीत जातो. बुंदेलखंडात जानेवारीत रात्रीचा पारा साधारण ८-९ अंशांवर असतो आणि थंडीची लाट आली की ४-५ पर्यंत उतरतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं, गाडीत प्लग आहे, इन्व्हर्टर आहे, घरचा हीटर सोबत घेतला की झालं. इथेच फसगत होते.

हीटर आणि बॅटरीचं गणित

समजा गाडीत १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. दोन्हींचा गुणाकार केला तर १,८०० वॅट-तास होतात. बॅटरी साधी लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हातात उरले ९००. त्यावर १,००० वॅटचा छोटा हीटर लावला, तर इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून पाऊण तासात खेळ खलास. लिथियम बॅटरी असली तर दीड तासापर्यंत पोचाल. रात्र मात्र दहा तासांची!

हीच ९०० वॅट-तासांची शिदोरी दिव्यांना, मोबाइलना आणि पाण्याच्या छोट्या पंपाला दोन दिवस सहज पुरते. ५ वॅटचा एलईडी दिवा पाच तास लावला तर जेमतेम २५ वॅट-तास लागतात. विजेने उजेड देणं स्वस्त आणि ऊब देणं फार महाग. छतावर सोलर पॅनेल आहे म्हणून निश्चिंत राहू नका. जानेवारीत सकाळी उशिरापर्यंत धुकं असेल तर पॅनेल नुसतं शोभेला. गाडी चालवताना होणारं चार्जिंग जास्त भरवशाचं. घरातल्या वापराची बॅटरी आणि इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळ्या आहेत ना, हे मात्र मालकाला विचाराच. नाहीतर रात्री हीटर चालेल आणि सकाळी गाडी सुरू होणार नाही.

लॉजच्या अंगणात वीज घेताना

गाडी एखाद्या लॉज किंवा ढाब्याच्या आवारात लावली आणि वायर टाकून वीज घेतली, तर प्रश्न सुटतो का? अर्धाच. भिंतीवरचा साधा छोटा पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे साधारण १,३०० वॅटपर्यंतचा. २,००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला जाड पिनांचा मोठा पॉवर पॉइंटच हवा. त्यावर हीटर सुरू असताना कोणी किटली लावली की बटण पडतं. बटण पडलं तर नशीब समजा, कारण काही जुन्या वायरिंगमध्ये बटण पडत नाही, वायर तापत राहते. पातळ एक्स्टेन्शन गुंडाळलेलं ठेवून त्यावर हीटर चालवणं तर टाळाच. वायर पूर्ण उलगडा आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. गरम लागला तर हीटर बंद करा. गाडीचं अंग पत्र्याचं असतं, म्हणून अर्थिंग आहे का हे आधी विचारायचं. लाजायचं कारण नाही.

शेगडी आत आणू नका

थंडी असह्य झाली की कोणीतरी सुचवतं, "अंगीठी पेटवून आत ठेवू, सगळे शेकू." उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत पेटती अंगीठी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कॅराव्हॅन तर खोलीहूनही लहान. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपच लागली समजतो. घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखू लागलं तर दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. गॅसची शेगडी ऊब मिळवायला जळत ठेवणं आणि खिडकीजवळ जनरेटर चालवणं, यांतही हाच धोका आहे. या वायूचा इशारा देणारा छोटा अलार्म मिळतो. गाडीत तो नसेल तर आपण विकत घेऊन जावा. या सहलीतल्या सगळ्या खरेदीत मी त्याला पहिला नंबर देईन.

गाडीत कायमचा बसवलेला डिझेल हीटर असेल तर गोष्ट वेगळी. तो धूर नळीने बाहेर सोडतो आणि एकदा पेटला की वीजही फार खात नाही. पण भाड्याच्या गाडीत तो असेलच असं नाही.

मग ऊब कुठून?

अंथरुणातून! सगळी गाडी तापवण्यापेक्षा माणसं ऊबदार ठेवा. या भागात लग्नाकार्यासाठी टेंट हाउसवाले रजया-गाद्या भाड्याने देतात. झाशीत चौकशी करून दोन रात्रींसाठी चार जाड रजया घ्या. पुण्याहून गोधड्या वाहून नेण्यापेक्षा बरं. खाली सतरंजी, काचांवर गाडीत उन्हासाठी लावतात ते चंदेरी पडदे. काचेतून ऊब भराभर निघून जाते.

एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॅट-तास लागतात. बॅटरीतून एवढं घेणं परवडतं, पण मोठी किटली इन्व्हर्टरला झेपते का ते बघा. गाडीबाहेर गॅसवर पाणी तापवलं तर उत्तमच. ते गरम पाण्याच्या पिशवीत भरून आजीच्या पायाशी ठेवा. इलेक्ट्रिक ब्लँकेट १०० वॅटचं असेल तर झोपण्याआधी तासभर लावून बंद करा. रात्रभर चालवलं तर बॅटरी संपलीच.

खिडकी बोटभर उघडी ठेवा. चार माणसांच्या श्वासाने पत्र्यावर आतून दव धरतं आणि पहाटे पांघरुणं दमट होतात. बरुआसागरचं आलं प्रसिद्ध आहे, तेव्हा सकाळच्या चहासाठी ते तिथल्या बाजारातच घ्या. आणि गाडी रात्री लावतानाच अशी लावा, की धुकं हटल्यावर ऊन थेट दारात येईल.