‘जीवन व कार्य’ हा भाषणाचा विषय नव्हे

एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून आमच्याकडे मागणी येते, "जयंतीला भाषण करायचंय, काहीतरी लिहून द्या." विषय? ‘महापुरुषांचे जीवन व कार्य’. हा विषयच नव्हे. पाच मिनिटांत आयुष्य मावत नाही. मग उरतात विशेषणे, आणि व्हॉट्सअॅपवरून उचललेली, बाबासाहेबांच्या तोंडी घातलेली वाक्ये. विरोधक त्यातले एक खोटे वाक्य पकडतो आणि खऱ्या इतिहासावरही शंका घेतो.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात गोखले हॉलमध्ये बाबासाहेबांनी भाषण केले, तेही रानड्यांच्या जयंतीचे होते. त्यांनी गुणगान केले नाही. थोर कोणाला म्हणावे, असा प्रश्न घेतला आणि त्या कसोटीवर रानड्यांना गांधी-जिनांसोबत तपासले. जयंतीला प्रश्न विचारता येतो, मित्रांनो!

पुण्यातल्या पोरापोरींनी असा प्रश्न शोधायला मंडईत जावे. १८८६ साली ही इमारत सुरू झाली ती ‘रे मार्केट’ म्हणून, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. जोतीराव स्वतः १८७६ पासून काही वर्षे याच नगरपालिकेचे सभासद. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याला विरोध करणारे ते एकटे. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, हे त्यांचे म्हणणे. मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, असे चरित्रकार सांगतात. ज्या इमारतीच्या खर्चाला विरोध, तिच्यावरच त्यांचे नाव! हा झाला विषय.

पण ‘चरित्रकार सांगतात’ एवढ्यावर माइक धरू नका. धनंजय कीर वाचा, फुल्यांचे समग्र वाङ्मय वाचा. मग नगरपालिकेच्या जुन्या सभांची इतिवृत्ते मागा: ठराव कोणी मांडला, रक्कम किती, विरोधात कोण. १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ शेजारी ठेवा. भाजी पिकवणारा तेव्हा कोणत्या हालात होता ते कळेल. गाळ्यावरच्या मावशींनाही विचारा, त्यांच्या घरात हा गाळा कधीपासून आहे.

तिथेच दुसरा विषय उभा आहे. मंडईत टिळकांचा पुतळा १९२४ साली बसला. पुढच्याच वर्षी केशवराव जेध्यांनी फुल्यांच्या पुतळ्याची मागणी नगरपालिकेत मांडली, ती फेटाळली गेली. त्याच वर्षीच्या ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू वकील म्हणून कोणी लढवली? आमच्याकडे भाषण लिहून मागणाऱ्यांनी आधी एवढे शोधून यावे.