जुन्या आफ्रिकी तबकड्यांची नवी आवृत्ती

१९७०च्या दशकात लागोस, आक्रा आणि कोटोनू या किनारी शहरांतल्या वाद्यवृंदांनी स्थानिक ताल आणि अमेरिकी फंक यांच्या मेळातून घडवलेले नृत्यसंगीत बहुतांशी थोड्या प्रतींच्या तबकड्यांवर निघाले आणि पुढे बाजारातून नाहीसे झाले. २००१ साली ‘नायजेरिया ७०’ आणि २००२ साली ‘घाना साउंड्झ’ हे संग्रह आले, तेव्हापासून त्याच्या पुनर्प्रकाशनाने जोर धरला. मूळ ध्वनिफिती अनेकदा हरवलेल्या असतात. मग सर्वांत कमी झिजलेली तबकडी शोधून तिच्यावरूनच आवाज उतरवायचा आणि खरखर काढताना झांजांची धार बोथट होऊ द्यायची नाही, हे कसबाचे काम. रीमिक्सची अडचण याहून मोठी. गायन, ढोल, गिटार यांचे स्वतंत्र ट्रॅक हाती असतील तरच खरी फेरमांडणी होते. नाहीतर आहे त्याच मुद्रणातला तालाचा तुकडा लांबवावा लागतो, आणि नाचणाऱ्यांना पुष्कळदा तेवढे पुरते. नायजेरियातल्या एनुगूच्या विल्यम ओन्येआबोर यांनी १९७७ ते १९८५ या काळात सिंथेसायझरवर रचलेली गाणी स्वतःच प्रसिद्ध केली होती. २०१३च्या संग्रहाने ती त्यांच्या हयातीत जगभर पोहोचवली. कलावंताला किंवा वारसांना गाठून करार करणे आणि मानधन देणे हा या व्यवहारातला सर्वांत जिकिरीचा भाग. तो टाळून काढलेली तबकडी कितीही सुबक असली तरी ती लूटच. याउलट ‘ॲनालॉग आफ्रिका’ या प्रकाशनसंस्थेच्या २००८मधल्या बेनिन-टोगो संग्रहासोबत वादकांच्या मुलाखती आणि जुनी छायाचित्रे असलेली पुस्तिकाही आहे.