आधी नियम ठरवा, मग विमानं मागवा



गेम कॅफे किंवा हॉबी शॉप काढायचं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या यादीत हवाई लढाईचे टेबलटॉप गेम असतात. कारण उघड आहे. स्टँडवर उभी केलेली बारा छोटी स्पिटफायर आणि मेसरश्मिट टेबलावर मांडली की रस्त्याने जाणारा माणूसही आत डोकावतो. पण सगळे विचारतात एकच, "कुठली विमानं मागवू?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, "कुठले नियम वापरू?" व्हिडिओत हे घाईत उरकलं, म्हणून इथे हिशोबासकट मांडतो.

ज्यांना हा छंद नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल विमानं ही एक वस्तू आणि खेळायचे नियम ही दुसरी. विमान किती पुढे जाणार, कसं वळणार, गोळी लागली की नाही, किती नुकसान झालं, हे सगळं नियम ठरवतात. तेच स्पिटफायर चार वेगवेगळ्या नियमांनी खेळता येतं. आणि चारही वेळा संध्याकाळ वेगळी जाते.

विमानं वाढली की वेळ वाढतो

आपण धंद्यात प्रति नग खर्च काढतो ना? इथेही तेच करा. एका विमानाला एका फेरीत किती वेळ लागतो, ते काढा.

समजा टेबलावर 12 विमानं आहेत आणि एका विमानाचं सगळं काम व्हायला एक मिनिट लागतं. म्हणजे एक फेरी 12 मिनिटांची. दहा फेऱ्या धरा, झाले दोन तास. वर मांडायला आणि शिकवायला 20 मिनिटं. एकूण 140 मिनिटं.

आता तेच काम अर्ध्या मिनिटात झालं तर? दहा फेऱ्यांना एक तास, अधिक 20 मिनिटं, एकूण 80. तुमची शनिवारची संध्याकाळ चार तासांची असेल, तर पहिल्या हिशोबात एक गेम होतो आणि दुसरा अर्धवट राहतो. दुसऱ्या हिशोबात तीन गेम पूर्ण होतात. भाडं तेच, वीज तीच, टेबल तेच. फरक फक्त अर्ध्या मिनिटाचा.

हा वेळ कुठे जातो? मुख्यतः तीन ठिकाणी: पुढची चाल ठरवण्यात, उंची आणि वेगाची नोंद ठेवण्यात, आणि नुकसान लिहिण्यात. नियम वाचताना या तीन जागा पेन्सिलने खुणा करून बघा.

चार नियम, चार हिशोब

*विंग्ज ऑफ ग्लोरी.* हा मूळचा इटलीतला गेम, आधीचं नाव विंग्ज ऑफ वॉर. प्रत्येक विमानाला चालींच्या पत्त्यांचा स्वतःचा जोड असतो. पहिल्या महायुद्धाच्या आवृत्तीत तुम्ही तीन चाली गुपचूप ठरवता आणि सगळे खेळाडू एकाच वेळी पत्ता उघडतात. फासे नाहीत, नुकसानही पत्त्यांवर. नवख्या माणसाला दहा मिनिटांत जमतं.

यातली गंमत ओळखा. सगळे एकदम विचार करतात, म्हणून आठ माणसं प्रत्येकी एक विमान घेऊन बसली तरी विचाराचा वेळ दोघांइतकाच. पण दोनच माणसं आली आणि प्रत्येकाने सहा-सहा विमानं घेतली, तर प्रत्येकासमोर सहा जोड, सहा वेळा तीन चाली. गेम तिथेच अडकतो. म्हणजे हा नियम माणसं जास्त असतील तेव्हाचा आहे, माणशी विमानं जास्त असतील तेव्हाचा नाही.

*चेक युवर सिक्स.* षटकोनी खणांचा पट, चाल आधी ठरवायची, प्रत्येक विमानाची उंची आणि वेग सांभाळायचा, वैमानिकाचं कौशल्यही धरायचं. दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यास असलेल्यांना हा फार आवडतो, आणि आवडावा असाच आहे. पण माणशी दोन-तीन विमानांच्या पुढे गेलात की कारकुनी सुरू होते.

*बॅग द हन.* इथे पत्ता निघतो त्यावर कोणाची पाळी ते ठरतं. प्रत्येक विमानापेक्षा तुकडीचा विचार जास्त. पुढे काय होईल हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे रंगत येते. मात्र खेळ चालवणारा एक जाणकार माणूस लागतो. तो तुमच्याकडे पगारावर आहे का, हे आधी बघा.

*ब्लड रेड स्काइज.* वॉरलॉर्ड गेम्सने 2018 मध्ये आणला. बॅटल ऑफ ब्रिटनच्या सुरुवातीच्या संचात दोन्ही बाजूंना सहा-सहा विमानं. उंचीचे आकडे लिहायचेच नाहीत. विमान वरचढ, बरोबरीत किंवा अडचणीत, या तीनच स्थिती, आणि त्या स्टँडवरच दिसतात: नाक वर, सरळ किंवा खाली. वरचढ विमानं आधी हलतात. एका बाजूच्या धोक्याच्या चकत्या तिच्या उरलेल्या विमानांपेक्षा जास्त झाल्या की ती बाजू माघार घेते. म्हणजे शेवटचं विमान पडेपर्यंत ताटकळत बसायचं नाही. तासावर टेबल देणाऱ्याला याची किंमत कळेल.

माझं मत स्पष्ट आहे. माणशी एक-दोन विमानं असतील तर विंग्ज ऑफ ग्लोरी. माणशी सहा किंवा जास्त असतील तर ब्लड रेड स्काइज. बाकीचे दोन, तुमच्याकडे दर महिन्याला येणारा पक्का ग्रुप तयार झाल्यावर.

"पण हे खरं वाटत नाही"

जुने खेळाडू म्हणतील, उंचीचे आकडे नाहीत म्हणजे ही हवाई लढाईच नाही. दोन विमानांच्या झुंजीत त्यांचं बरोबर आहे. तिथे किती फूट वर आहात, किती जोरात वळलात, हाच खेळ असतो.

पण बारा विमानं उडवताना तुम्ही वैमानिक नसता, तुकडीचे प्रमुख असता. प्रमुख प्रत्येकाची दांडी हलवत नाही. तो बघतो वर कोण आहे, एकटा कोण पडलाय. 1940 मध्ये जर्मन लढाऊ विमानं दोन-दोनच्या जोड्यांत आणि चारच्या गटात उडत होती, ब्रिटिश सुरुवातीला तीन-तीनच्या घट्ट रचनेत. घट्ट रचनेत वैमानिकांचं लक्ष शेजाऱ्याला सांभाळण्यात जायचं, आणि याची किंमत ब्रिटिशांनी मोजली. म्हणून मोठ्या लढाईचे नियम तपासताना मी एकच विचारतो: सोबत्याजवळ राहण्याचा या नियमांत फायदा आहे का? असेल, तर आकडे कमी असले तरी चालतील. नसेल, तर शंभर तक्ते असूनही ती बारा एकेकट्या विमानांची गर्दीच.

माल एका नियमात अडकवू नका

एक्स-विंग हा अंतराळातल्या लढाईचा गेम 2012 मध्ये आला आणि खूप चालला. 2024 मध्ये कंपनीने त्याचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. खेळणारे आजही खेळतात, पण नवीन माल नाही. प्रत्येक यानासाठी त्याच गेमची पत्त्यांची आणि चकत्यांची सामग्री लागत असेल, तर दुकानदाराचा साठा त्या गेमच्या नशिबाला बांधला जातो.

ऐतिहासिक विमानांचं तसं नाही. स्पिटफायर हे स्पिटफायरच. 1/200, 1/300 किंवा अगदी 1/600 प्रमाणातली मॉडेल्स साध्या स्टँडवर लावली की नियम बदलता येतात. एकच प्रमाण निवडा आणि त्यालाच धरून राहा. प्रमाण जितकं छोटं, तितकी टेबलावर जागा जास्त आणि एका विमानात गुंतलेले पैसेही साधारणपणे कमी.

या आठवड्याचा गृहपाठ

एकही विमान मागवू नका. शर्टाची बारा बटणं घ्या, प्रत्येकावर बाणाची खूण करा म्हणजे नाक कुठे ते कळेल. जे नियम आवडले ते घ्या. ज्याने हा गेम कधी खेळला नाही असा एक मित्र समोर बसवा आणि मोबाईलवर टायमर लावा. तीन फेऱ्या खेळा. एकूण मिनिटांना 36 ने भागा. तो तुमचा प्रति विमान वेळ.

शेवटी मित्राला विचारा, "अजून एक गेम?" तो लगेच हो म्हणाला तर विमानं मागवा. घड्याळाकडे बघून हो म्हणाला तर नियम बदला. बटणं तर फुकटच आहेत.