मूठभर टीसीएल आणि देवावर भरवसा!

मंडळी, पाऊस सुरू झाला की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात गॅस्ट्रोची साथ येते. मग धावपळ, सलाईन, आणि ठरलेलं उत्तर: "विहिरीत पावडर टाकली होती की!"

टाकली होती हो. पण किती? एक मग? दोन मुठी? इथंच तर घोडं पेंड खातं.

द्रावणाची संहती आपण शाळेत शिकलो, मार्क मिळवले आणि विसरलो. आता हिशोब करू. विहिरीचा व्यास ५ मीटर, पाणी ३ मीटर. ३.१४ × २.५ × २.५ × ३ म्हणजे सुमारे ५९ घनमीटर, अर्थात ५९ हजार लिटर. चांगल्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली, तर लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. म्हणजे या विहिरीला दीडशे ग्रॅम पावडर लागेल.

पावसात तेच पाणी ६ मीटरवर गेलं की पावडर दुप्पट हवी. मग मात्र तोच! म्हणजे गढूळ पाणी आत येतं, त्याच वेळी आपण औषध निम्मं करतो. गढूळ पाणी क्लोरीन जास्त खातं, ते वेगळंच. त्यात गोणी उघडी, ओल लागलेली. ३३ टक्क्यांचे ११ झाले, तर तीच पावडर तिसऱ्या हिश्श्याचं काम करणार.

आणि कोरडी पावडर वरून भिरकावायची नसते. बादलीत कालवा, थोडा वेळ ठेवा. चुना विरघळत नाही, तळाशी बसतो. क्लोरीन वरच्या निवळीत असतो. ती निवळी विहिरीत सोडा आणि अर्धा तास पाणी उपसू नका.

कुणी म्हणेल, पाणीवाल्याला एवढं गणित कसं जमणार? अहो, तो मोटार चालवतो, व्हॉल्व्ह सांभाळतो, त्याला हेही जमेल. त्याला वजनकाटा कुणी दिला? विहिरीवर लिटरचा तक्ता कुणी लावला? दोष त्याचा नाही, बिलावर सही करणाऱ्यांचा आहे.

येत्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा: विहिरीत आज पाणी किती लिटर? पावडर किती ग्रॅम टाकली? शेवटच्या नळाला ओटी टेस्ट कधी केली? तिथं लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं.

उत्तर "अंदाजे" आलं, तर खाली बसू नका.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.