वाळलेल्या फुलावर नाव कोणाचे?

वहीत फूल दाबून ठेवणे हा हळव्या मुलींचा चाळा, असे आपल्याकडे समजले जाते. चळवळीतल्या मैत्रिणीही याला अपवाद नाहीत. मारहाण, रोजी, रेशन, पाणी एवढे प्रश्न पुढ्यात असताना फुलांचे काय घेऊन बसलीस, असे मला बैठकीत विचारले जाते. मला मात्र हा प्रश्न घरातल्या जागेचा आणि नावाचा वाटतो. हे दोन्ही आपले जुनेच प्रश्न आहेत.

आधी जागेचे. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या वरुडच्या मुली हर्बेरियमची फाईल करतात. नदीकाठ, संत्र्याची वाडी, सातपुड्याचा पायथा असे फिरून झाडे गोळा करतात. (घराबाहेर असे मोकळे हिंडायला त्यांना एरवी कोण देते?) लग्न ठरले की ती फाईल जाते कुठे? माझ्या माहितीतल्या एकीची फाईल सासरी पहिल्याच हिवाळ्यात बंबात गेली. कोणी रागाने जाळली नाही, जाळायला कागद हवा होता एवढेच. नवऱ्याच्या बारावीच्या गाईडांना मात्र त्या घरात आजही कपाट आहे!

नावाची गोष्ट याहून जुनी. आपल्या कुंपणावर असते ती बोगनवेल. बोगनव्हिल या फ्रेंच कप्तानाचे नाव तिला मिळाले. १७६६ साली निघालेल्या त्याच्या मोहिमेतल्या एका जहाजावर जान बारे ही बाई पुरुषाचा वेष घालून वनस्पती गोळा करीत होती, कारण जहाजावर बाईला बंदी होती. ज्या वनस्पतिशास्त्रज्ञाची ती मदतनीस होती, त्याचे नाव सत्तरहून अधिक जातींना मिळाले. तिचे नाव एका झाडाला टिकून मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. लंडनच्या लिनियन सोसायटीने बायकांना सभासद म्हणून निवडले तेही १९०४ साली. विद्वानांचेच हे असे, मग निंदणाला जाणाऱ्या बाईचे काय?

आपल्या भागात तण ओळखते कोण? जी दिवसभर वाकून निंदते ती. केना, कुंजर, चिवळ, तरोटा, आघाडा ही नावे तिच्या तोंडी आहेत. कोणते कोवळे असताना भाजीला घ्यायचे, कोणते शेळीला टाकायचे, हे तिला विचारावे. पुस्तकात तरोट्याला ‘टाकळा’ म्हणतात. ते तिकडचे नाव, आपले नाही. आता तणनाशकाचा पंप आला. त्याने तिची रोजी जाते, फुकटची भाजी जाते आणि हळूहळू नावेही जातात. म्हणून मी म्हणते की फुले दाबायचीच असतील तर गुलाब-मोगरा राहू द्या, तण दाबा. गाजरगवत आपल्याकडे नवे, १९५० च्या दशकात त्याची पहिली नोंद पुण्यात झाली. आपल्या वावरात ते कोणत्या साली आले हे आज कोण सांगेल? तारीख घातलेले एक वाळके झाड ते सांगू शकले असते.

काम अवघड नाही. वर्तमानपत्राच्या घडीत झाड पसरून वर पाटा ठेवावा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावा. मे महिन्यात आपल्या उन्हाळ्याने काम लवकर होते. श्रावण-भादव्यात कागद बदलून बदलून जीव मेटाकुटीला येतो. संत्र्याचे फूल तपकिरी पडते, पडू द्यावे. चिकटवायला पिठाची खळ नको, तिला कीड लागते. सुईदोऱ्याने टाके घालावेत, ती कला तर आपल्याला सक्तीने शिकवलेलीच आहे. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, बुरशी येते. लोखंडी पेटीत, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवावे. डांबरगोळ्या घातल्या तर पेटी लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

लावायचे कसे? शास्त्रज्ञ कुळांप्रमाणे लावतात. मी हंगामाप्रमाणे लावते: मृगानंतरचे, पोळ्याच्या सुमाराचे, आंबिया बहाराच्या वेळचे. अक्षर न येणाऱ्या बाईलाही मग हवा तो कागद काढता येतो. चिठ्ठीवर तारीख, वावर, आपल्या बोलीतले नाव आणि ज्या बाईने ओळख पटवली तिचे नाव असावे. शास्त्रीय नाव नंतर कॉलेजच्या बाई घालतील. औषधी उपयोग मात्र त्या बाईची संमती असेल तरच लिहावा. ती माहिती तिची आहे.

कोणी म्हणेल, हे सरकारी काम आहे. आहेच. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे २००४ च्या नियमांत होते. पुढे हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून उशिराला दंड लावला, तेव्हा वह्या भरण्याची जी घाई उडाली तिच्यात निंदणाच्या बायकांना विचारायला सवड कोणाला होती? माझे मत असे की महिला मंडळांनी येत्या ग्रामसभेत ही नोंदवही मागावी, माहिती देणाऱ्यांची नावे मोठ्याने वाचून घ्यावीत आणि त्यांत बायका किती ते मोजावे. जाताना आपली पेटी सोबत न्यावी. वाळका तरोटा टेबलावर ठेवून, हा तुमच्या वहीत कोणत्या पानावर आहे, असे ग्रामसेवकाला विचारता येईल.