जाहीर आवाहन : तलावावर आणि मैदानावर जाणाऱ्या मुलांचा खुराक

कोल्हापुरात खुराक म्हटले की तालीम डोळ्यांपुढे येते : दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. शहरातले कित्येक फुटबॉल संघ तालीम मंडळांतूनच उभे राहिले, त्यामुळे पैलवानाच्या आहाराची कल्पना मैदानावरही उतरली. पोहण्यातही हे शहर मागे नाही. इथला वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. आज तलावावर आणि मैदानावर जाणाऱ्या मुलांच्या घरी खाण्याची ददात बहुधा नसते. चुकते ती वेळ.

पोहताना किंवा चेंडूमागे धावताना स्नायू मुख्यतः ग्लायकोजेनवर, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेवर चालतात. हा साठा भात, भाकरी, पोहे, केळी अशा पिष्टमय अन्नातून तयार होतो. तूप, थंडाई, तर्रीदार मिसळ जठरात बराच वेळ रेंगाळते. सामन्याआधी तासभर असे खाल्ले तर पोट जड होते आणि पाय हलत नाहीत. म्हणून सामन्याआधी सुमारे तीन तास वरणभात किंवा चपाती-भाजी, तेही बेताच्या तेलाचे, एवढेच द्यावे. मटण आणि मिसळ सामन्यानंतर खुशाल खावी.

पहाटेचा सराव हा खरा अडचणीचा भाग. रात्री नऊला जेवलेले मूल साडेपाचला पाण्यात उतरते, तोवर यकृतातला साखरेचा साठा बराच उतरलेला असतो. उपाशीपोटी पोहल्याने दम वाढतो, ही समजूत पालकांनी सोडून द्यावी. अर्धा तास आधी एखादे केळे, दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू पुरतो. त्याहून मोठी चूक सरावानंतर होते. मूल तलावावरून थेट शाळेत जाते आणि डबा उघडतो तो मधल्या सुट्टीत. स्नायू साठा सर्वांत वेगाने भरून घेतात ते सरावानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत. संध्याकाळी पुन्हा सराव असेल तर हा वेळ वाया घालवणे परवडत नाही. अशा मुलांबरोबर दुसरा डबा द्यावा : अंडे आणि चपाती, उसळ-भाकरी, नाहीतर शेंगदाणे घातलेले पोहे आणि दूध. शाळांनीही पहिल्या तासाआधी त्यांना दहा मिनिटे खाऊ द्यावे. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाचे कौतुक कितीही असले तरी मुलांना दूध उकळूनच द्यावे.

वाढत्या वयातल्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ४५ किलोच्या मुलाला ५५ ते ७० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांत ७. दूध, दही, घट्ट वरण (पातळ आमटी नव्हे), उसळ, मासे यांतून हा हिशेब घरीच जुळतो. प्रोटीन पावडरची गरज नाही. शिवाय पावडरच्या डब्यात काय मिसळले आहे हे कळत नाही आणि उत्तेजक चाचणीत दोष सापडला तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

पाण्यात असलेल्या मुलालाही घाम येतो, फक्त तो दिसत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले तर सुमारे एक लिटर पाणी गेले. ४० किलोच्या मुलाचे ८०० ग्रॅम घटले, तरी खेळ मंदावू लागतो. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. उन्हात त्याहून जास्त खेळायचे असेल तर मीठ घातलेले लिंबू सरबत घ्यावे. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर, ते मुलांसाठी योग्य नाही, असे कायद्यानेच छापावे लागते. स्पर्धेच्या आयोजकांनी ती बक्षिसात किंवा प्रायोजकाच्या टेबलावर ठेवू नयेत.

मुलींबाबत वेगळी काळजी हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. रक्तातले लोह कमी असले की प्राणवायू स्नायूंपर्यंत कमी पोहोचतो, मुलगी लवकर दमते आणि प्रशिक्षक त्याला आळस म्हणतो. पालेभाजी, कडधान्यांबरोबर लिंबू किंवा आवळा द्यावा, जेवणालगतचा चहा बंद करावा, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर, सराव वाढला आहे असे समजून न थांबता डॉक्टरांना दाखवावे. खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके खाणे पोटात जात नसल्याचे ते लक्षण असू शकते. तलावाच्या काठावर वजनावरून टोमणे मारणाऱ्या प्रशिक्षकांना मंडळांनी तिथेच थांबवावे, कारण मुली जेवण तोडू लागतात त्याची सुरुवात पुष्कळदा अशा शेऱ्यांतून होते.