आधी फाइल, मग बॅग

परगावी जाणाऱ्याची बॅग कशी भरायची, हे रत्नागिरीत कुणाला शिकवावं लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्यांच्या वळकट्या इथल्या बायकांनी बांधल्या, बोटीवर नोकरीला लागलेल्यांच्या ट्रंका भरल्या. राजिवडा, मिरकरवाड्यापासून राजापूर, खेड, दापोलीपर्यंतच्या कितीतरी घरांनी आखातात जाणाऱ्या माणसांची खोकी सुतळीनं आवळून दिली. जाणारा बहुतेक वेळा पुरुष आणि भरणारी बाई, असंच ते चालत आलं. आता माझी भाची शारजाला निघाली आहे, शिक्षिका म्हणून आणि एकटी. तिची बॅग भरताना आमच्या घराला जे कळलं, ते अशाच तयारीत असलेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे मार्चअखेर निघायचं, आंब्याच्या पहिल्या पेट्या बाजारात येत असताना. माझ्या बहिणीनं जानेवारीतच कुळथाचं पीठ दळून आणलं, मेतकूट केलं, आमसुलं निवडून ठेवली, आंबापोळ्या कागदात गुंडाळल्या. तिच्या दृष्टीनं तयारी पूर्ण होती. पण शिक्षिकेच्या तयारीचा मोठा भाग स्वयंपाकघरात होतच नाही. तो कपाटातल्या फायलीत असतो आणि त्याला बॅगेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

पदवी आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं तिकडच्या सरकारला मान्य व्हावीत म्हणून त्यांच्यावर एकामागून एक शिक्के लागतात. आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, त्यानंतर अमिरातीच्या वकिलातीकडून आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याकडून. ओमानला जाणाऱ्या मुलीचं काम सोपं असतं. ओमान २०१२ पासून अपोस्टिल करारात आहे, भारत २००५ पासून. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा एकच अपोस्टिल शिक्का पुरतो, वकिलातीत जावं लागत नाही. बहारीन आणि आता सौदी अरेबियाही त्या करारात आले आहेत. अमिराती आलेली नाही. नोकरी कुठल्या देशात मिळाली आहे यावर आपले दोन-तीन आठवडे ठरतात, हे अर्ज करतानाच माहीत असलेलं बरं.

दुसरी अडचण कोकणातलीच आहे. इथल्या खाऱ्या, दमट हवेत कागद टिकत नाही. एका पावसाळ्यात कडा पिवळ्या पडतात, दुसऱ्यात बुरशी धरते. म्हणून काळजी घेणारा प्रत्येक बाप मुलीचं पदवी प्रमाणपत्र घरी आणतो आणि पहिल्यांदा लॅमिनेट करून टाकतो. माझ्या मेव्हण्यांनीही तेच केलं होतं, प्रेमानंच केलं होतं. पण शिक्का प्रमाणपत्राच्या पाठीवर बसतो आणि प्लास्टिकवर तो बसत नाही. लॅमिनेशन सोडवताना शाई निघून आली, तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवण्याला पर्याय नाही. भाचीचं निभावलं, पण ते निभेपर्यंत घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. माझी कळकळीची विनंती आहे, प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, बरोबर कापूर किंवा ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा, पण लॅमिनेट करू नका.

आणि नाव. यातला सगळ्यात मोठा घोळ नावाचा असतो आणि तो फक्त बायकांच्या वाट्याला येतो. भाचीची दहावीची गुणपत्रिका कोल्हापूर विभागाची आहे, कारण तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गचं वेगळं कोकण मंडळ नव्हतं, ते २०१२ मध्ये झालं. त्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पदवीवर तेच, माहेरचं. बी.एड. लग्नानंतरचं, त्यावर सासरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे आणि एका अक्षराचं स्पेलिंग वेगळं. आपल्या गावात ही सगळी एकच बाई आहे हे कुणालाही ठाऊक आहे. शारजाच्या खिडकीपलीकडच्या कारकुनाला ते कागदानंच पटवावं लागतं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो, त्याच्यावरही वेगळे शिक्के लागतात, आणि काहींना राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. पुरुषाच्या फायलीत हा सगळा गठ्ठा नसतो. लग्नात नाव बदलण्याचा निर्णय एका दुपारी होतो आणि त्याची किंमत मुलगी दहा वर्षांनी मोजते, याचा मला मनापासून राग येतो. ज्या मुली शिकताहेत त्यांनी पासपोर्ट लग्नाआधीच, गुणपत्रिकेवरच्या नावानं काढून ठेवावा आणि नंतर तो बदलण्याची घाई करू नये, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

शाळेनं पोलिसांचा दाखलाही मागितला. मुलांमध्ये काम करणाऱ्याकडून तो मागायलाच हवा. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेतूनच करायचा असतो. त्यावर लिहिलेल्या पत्त्यावर आपण खरोखर राहत असलो पाहिजे, नाहीतर चौकशीत गाडी अडते.

हे सगळं करताना मला सारखी पार्वतीबाई आठवल्यांची आठवण येत होती. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, देवरूखच्या, जन्म १८७०चा. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात एक मुलगा. बहीण गोदूबाई म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी, तिच्या आधारानं त्या पुण्याला गेल्या, शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमात काम करू लागल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. इंग्रजी येत नाही याची खंत त्यांना होती, म्हणून १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदत मिळवली आणि १९२० मध्ये परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र भाचीनं वाचलेलं नव्हतं. मी ते तिला दिलं. ‘एकटी बाई एवढ्या लांब कशी राहील’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना उत्तर द्यायला देवरूखचं हे एक नाव पुरेसं आहे, आणि आपल्या शाळांतून ते घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

आता खाण्याकडे येते, कारण बहीण वाट बघते आहे. अमिरातीत खसखशीला पूर्ण बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात ती येते आणि तिच्यापायी प्रवासी तुरुंगात गेलेले आहेत. आपल्या करंजीच्या सारणात खसखस, अनारशावर खसखस, कितीतरी घरांत मोदकाच्या सारणातही. बहिणीनं भाजून, कुटून तयार ठेवलेलं सारण बाजूला काढलं आणि खसखस वगळून नवं केलं. दुसरं, सुकं खोबरं. नारळाच्या गावातून निघालेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, पण सुकं खोबरं विमानाच्या सामानात चालत नाही. त्यात तेल इतकं असतं की दाबून ठेवलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात धरलं जातं. वाट्या गेल्या, खोबऱ्याच्या कातळ्या गेल्या. आगळाच्या बाटल्या हातातल्या बॅगेत नकोत, मोठ्या बॅगेत घालायच्या तर झाकणाला चिकटपट्टी आणि दुहेरी पिशवी हवी. ही युक्ती आमच्या शेजारच्या चाचींची, त्यांची दोन मुलं कुवेतला होती. खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का, दुखण्याच्या गोळीत ट्रॅमाडॉल आहे का, हे वाचूनच औषधांची पिशवी भरायची. तिकडे त्यांना आधी परवानगी लागते.

बाकी सगळं शारजात मिळतं. तांदूळ, डाळी, नारळ, कढीपत्ता, अगदी मोसमात आपला हापूसही, कारण तो आखातात जाणाऱ्या मालातला मानाचा माल आहे. तीस किलोंच्या बॅगेत पंधरा किलो डाळ-तांदूळ भरून नेण्यात अर्थ नाही, हे बहिणीला पटायला वेळ लागला. मिळत नाही ते न्यावं. तिरफळं, कुळथाचं पीठ, आमसुलं. ते मूठभर असतं आणि पुरून उरतं.

करारनाम्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण लाजेपोटी मुली विचारत नाहीत. आपल्याकडचा परवानाधारक भरती एजंट सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापलीकडे काही घेऊ शकत नाही. अमिरातीच्या कायद्यानं व्हिसाचा आणि भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्यानं करायचा असतो. पासपोर्ट शाळेनं स्वतःकडे ठेवणं तिथे बेकायदा आहे. परिविक्षेचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. वर्ष भरल्यावर उपदानाचा हक्क मिळतो, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार, हे लक्षात ठेवायचं. म्हणून पगारपत्रकात मूळ पगार किती आणि घरभाडं किती, ते आधी बघायचं. भाचीनं हे प्रश्न शाळेला मेलवर विचारले, उत्तरं आली आणि कुणाला राग आला नाही.

ती सामाजिक शास्त्रं शिकवते, सहावी ते आठवी. वर्गासाठी बॅगेत काय घ्यायचं यावर आम्ही दोघी बराच वेळ बसलो होतो. शारजात खाजगी शाळा सोमवार ते गुरुवार चार दिवस भरतात, त्यामुळे दिवस लांब आणि तास दाट. पहिल्याच आठवड्यात मुलांना धरून ठेवेल असं काहीतरी हवं होतं. ती म्हणाली, ‘मावशी, जांभा नेऊ?’ भाट्याच्या वरच्या अंगाला चिऱ्यांच्या खाणी आहेत, तिथून मुठीएवढा, कोरडा, स्वच्छ धुतलेला तुकडा आणला. कल्पना मला फार आवडली. कारण वर्गात अर्धीअधिक मुलं केरळची असणार आणि त्यांच्या आजोळची घरं याच दगडाची आहेत. या खडकाला शास्त्रात नाव मिळालं तेही मलबारात. फ्रान्सिस बुकॅननने अंगडिपुरमजवळ लोकांना तो मऊ असताना लोखंडी हत्यारानं कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली. रत्नागिरीची बाई आणि मलप्पुरमचं मूल, दोघांना आपापल्या घराची भिंत एकाच दगडात दिसेल. भूगोलाचा याहून चांगला पहिला तास मला सुचत नाही. दोनशे ग्रॅम वजनाचा तो दगड मेतकुटाच्या डब्याशेजारी बसला आहे.

भाचीची मुलगी सहा वर्षांची आहे. ती सध्या वडिलांकडे आणि आजीकडे राहील. ‘मुलीचं काय करणार?’ हा प्रश्न भाचीला रस्त्यात, देवळात, बँकेत विचारला गेला. आखातात गेलेल्या बापांना हा प्रश्न इथे कुणी कधी विचारला नाही. त्यांची मुलं आज्यांनी वाढवली आणि ती चांगली वाढली. भाचीनं उत्तर शोधून ठेवलं आहे. अमिरातीत दरमहा चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला जागा, एवढा पगार असलेली नोकरदार बाई आपल्या कुटुंबाला स्वतःच्या नावावर बोलावू शकते. तो हक्क आता फक्त पुरुषाचा नाही. जुलैच्या सुट्टीत ती येईल आणि परत जाताना मुलीला घेऊन जाईल. त्यासाठी मुलीचा जन्मदाखला इंग्रजीत, आईच्या पासपोर्टवरच्या नावाशी जुळणारा, राज्याचं मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीच्या वकिलातीच्या शिक्क्यांसह तयार हवा. आईच्या नावात एक अक्षर चुकलेलं आहे. ते दुरुस्त करून घ्यायला सोमवारी सकाळी मी नगरपरिषदेत जाते आहे.